वाटसरूंतील सर्वांत धाकटे

कोणताही नवा रस्ता बांधावयाचा झाला म्हणजे त्यावरून रोज किती वाहने धावतील, त्यांत अवजड किती आणि हलकी किती, त्यांच्यापासून पथकराचे उत्पन्न किती येईल आणि दोन शहरांमधील अंतर तोडण्यास लागणाऱ्या वेळात किती बचत होईल, याचा हिशेब त्याच्या आराखड्यात मोठ्या काटेकोरपणे मांडलेला असतो. परंतु त्याच वाहनांच्या मागल्या आसनावर बसलेल्या, तासाभराने ज्याला तहान लागते, सव्वा तासाने ज्याला खाली उतरावयाचे असते आणि दीड तासाने जो 'अजून किती लांब?' असे विचारू लागतो, त्या पाचसहा वर्षांच्या प्रवाशाचे खाते त्या जमाखर्चात कोठेच उघडलेले आढळत नाही. हे वैगुण्य आपल्या सर्वच रस्त्यांचे असले, तरी समुद्रकाठच्या रस्त्यांवर ते विशेष खुपते; कारण मालमोटारींच्या हमरस्त्याने मनुष्य नाइलाजाने जातो, समुद्राच्या रस्त्याने मात्र तो मुलाबाळांना घेऊन, हौसेने आणि केवळ समुद्रासाठी जातो.

गेल्या नाताळच्या सुटीत मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासमवेत चेन्नईपासून रामेश्वरापर्यंतचा चोळमंडळाचा किनारा मोटारीने उतरण्याचा योग आला, आणि त्या प्रवासात जे पाहिले त्यापेक्षा जे पाहावयास मिळाले नाही, त्यानेच हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले आहे. तमिळ मुलखात हा रस्ता, म्हणजे 'ईस्ट कोस्ट रोड', 'ईसीआर' या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. चेन्नईच्या दक्षिणेस तिरुवान्मियूरपाशी तो शहराची हद्द मागे टाकू लागतो आणि महाबलीपुरम, पुदुच्चेरी, कडलूर, तरंगंबाडी, कारैकाल, नागूर, नागपट्टणम अशी एकाहून एक इतिहाससंपन्न ठाणी गाठीत दक्षिणेकडे सरकत जातो. डाव्या हातास समुद्र, उजव्या हातास कोठे मिठागरे, कोठे कावेरीच्या खोऱ्यातील भातखाचरे, कोठे ताडांच्या रांगा, असे त्याचे रूप आहे.

या रस्त्यावर मुले काय पाहतात, हे पाहणे ही स्वतंत्र शिक्षा आणि स्वतंत्र आनंद आहे. आम्ही वडीलधारी मंडळी महाबलीपुरमच्या त्या विशाल शिल्पपटासमोर पल्लवांचा काल, गंगावतरण की अर्जुनाची तपश्चर्या हा विद्वानांचा वाद आणि १९८४ साली या स्मारकसमूहास मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा यांविषयी बोलत असता, धाकट्या नातीने त्याच शिळेवर हत्तीच्या पायांपाशी, दोन्ही हात वर करून तप करणारे मांजर आणि त्याच्यासमोर निःशंक मनाने जमलेले उंदीर शोधून काढले. शेकडो आकृतींच्या त्या मेळाव्यात हा ढोंगी तपस्वी कोरणाऱ्या अनाम शिल्पकाराने, आपल्या श्रोतृवर्गात मुलेही असणार हे जाणूनच तो कोरला असावा, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही. पुढे उतारावर शतकानुशतके थबकून राहिलेला 'कृष्णाचा लोण्याचा गोळा' या नावाचा प्रचंड धोंडा ढकलून पाहण्यात मुलांचा अर्धा प्रहर गेला. त्याअगोदर, १९७६ साली रॉम्युलस व्हिटेकर यांनी स्थापिलेल्या मगरींच्या संवर्धनकेंद्रात तोंड उघडून निश्चल पडलेल्या मगरी जिवंत आहेत की नाहीत, याचा निर्णय झाल्यावाचून तेथून हलावयाचे नाही, असा थोरल्या नातवाचा हट्ट होता. पिचावरमच्या तिवरांच्या जंगलात, पाण्यावर कमानी धरून उभ्या राहिलेल्या मुळांमधून नाव वल्हवली जात असता दोघेही जो वेळ गप्प राहिले, तेवढा वेळ ती घरी झोपेतच गप्प असतात.

यावरून एक गोष्ट उघड होते: मुलांचा प्रवास हा मुक्कामांचा असतो, अंतराचा नसतो. आपण मोठी माणसे मात्र प्रवासाची आखणी करताना सरकारी आराखड्याचीच दृष्टी उसनी घेतो आणि पहाटे पुदुच्चेरी, दुपारी चिदंबरम, तिसऱ्या प्रहरी तरंगंबाडी, सायंकाळी वेळांकण्णी असे टाचण करून, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढून झाले की मुलांना पुन्हा मोटारीत कोंबतो. तरंगंबाडीस १६२० साली डेन्मार्कच्या लोकांनी किल्ला बांधला आणि पुढल्या शतकाच्या आरंभी जर्मन धर्मोपदेशक त्सीगेनबाल्ग याने तेथे छापखाना घालून तमिळ ग्रंथ छापले, ही माहिती मुलांस दहा वर्षांनीही मिळेल. परंतु त्या किल्ल्याच्या तटाखाली लाटांशी पळापळीचा खेळ खेळण्याचे वय त्यांना पुन्हा मिळणार नाही. पांबनला समुद्रावरून जाणारी आगगाडी पाहून मुलांनी ताणून धरलेला आग्रहही याच जातीचा होता. १९१४ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या जुन्या पुलाशेजारी एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाला असून, जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा सुमारे ७२ मीटर लांबीचा एक गाळा सरळ उभा वर उचलला जातो. तो गाळा उचलला जाईपर्यंत येथेच बसू, असे मुलांचे म्हणणे; आणि मुक्कामाच्या हॉटेलात वेळेवर पोहोचले पाहिजे, असे आमचे. विजय अर्थातच आमचा झाला, आणि त्या विजयात अभिमानास्पद असे काहीच नव्हते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांनी ऋतुमानाचा विचार तर अवश्य करावा. आपल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्या दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या. आणि हे दोन्ही काळ या किनाऱ्यास प्रतिकूल. आपल्याकडला पाऊस सरला म्हणजे तिकडला ईशान्य मोसमी पाऊस लागतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरातील वादळांचे भय असते. मे महिन्यात तर तमिळ लोक ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात तो काल पडतो आणि दुपारच्या वेळी तेथील वाळूवर मोठ्या माणसासही अनवाणी पाऊल टाकवत नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने उत्तम. नाताळची सुटी त्याखालोखाल. समुद्राविषयीही सावधगिरी हवी. कोकणातील अनेक पुळणी उथळ आणि सौम्य उताराच्या असल्याने आपल्या मुलांना पाण्यात धावत जाण्याची सवय असते. चोळमंडळाचा समुद्र बऱ्याच ठिकाणी चार पावलांतच खोल होतो, लाट किनाऱ्यावर एकदम फुटते आणि परतताना पायांखालची वाळू ओढून नेते. याच किनाऱ्याने २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचा आघात सोसला. त्यात नागपट्टणम जिल्ह्यातच हजारो माणसे दगावली आणि मृतांत मुले फार होती. धनुष्कोडी हे गाव तर १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने आगगाडीसकट गिळले. हा इतिहास मुलांना सांगावा की न सांगावा, याविषयी घरात मतभेद झाला. मुलांनी भिंतींचे भग्नावशेष पाहून स्वतःच विचारले, तेव्हा सांगावा लागला, आणि त्यांनी तो आमच्यापेक्षा अधिक शांतपणे ऐकून घेतला.

आता ज्या गोष्टीने मनास टोचणी लागली, तिच्याकडे वळतो. नागपट्टणम सोडून दक्षिणेस जात असता, वेदारण्यमच्या अलीकडे, नातीचे पोट एकाएकी बिघडले. मार्ग उत्तम होता, गाडी चांगली होती, जवळ पैसाही होता. नव्हते ते केवळ थांबावयाचे ठिकाण. एका पेट्रोलपंपावरील शौचालयास कुलूप होते आणि त्याची किल्ली ज्याच्यापाशी होती तो गृहस्थ गावात गेला होता. पुढे सावली म्हणावी असे झाड नव्हते, आणि होता तो निवारा बसच्या खांबावरील पत्र्याएवढा. अखेर रस्त्याकडेच्या एका घराच्या ओटीवर उभ्या असलेल्या वृद्धेने, आमची भाषा तिला आणि तिची आम्हास अवगत नसता, मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून आम्हास आत बोलावले, गरम पाणी दिले, मोरी दाखविली आणि मीठ घालून भाताची पेज पाजली. पैशाचा विषय काढताच तिने ज्या मुद्रेने हात आडवा केला, तिच्यापुढे पाकीट खिशात परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिच्या औदार्यास शतशः नमस्कार. परंतु ज्या रस्त्यावर मुलाची अब्रू आणि आरोग्य एखाद्या परक्या गृहिणीच्या दयाबुद्धीवर अवलंबून राहते, त्या रस्त्याचा बंदोबस्त पुरा झाला आहे असे कोणी म्हणू नये.

आणि येथेच मराठी मनुष्यास आठवण व्हावी, कारण या मुलखात हा बंदोबस्त कसा असतो, हे एके काळी मराठ्यांनीच करून दाखविले आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या शेवटल्या चरणात तंजावरास गादी स्थापिली, आणि ती १८५५ पर्यंत चालली. या घराण्याच्या कीर्तीचा उल्लेख आला की सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह आणि बृहदीश्वराच्या प्राकारातील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांचाच निर्देश होतो, आणि नुकतेच वाचू लागलेल्या मुलास इतक्या दूरच्या देवळाच्या भिंतीवर आपली बाळबोध अक्षरे लावता येतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत उमटणारे आश्चर्य पाहण्यासारखे असते, हेही खरे. परंतु माझ्या मते या घराण्याचे याहून मोठे कार्य म्हणजे रामेश्वराच्या यात्रामार्गावर वाटसरूंच्या अन्न-निवाऱ्यासाठी त्यांनी उभारलेली आणि चालविलेली छत्रे होत. ओरत्तनाडचे मुक्तांबाळपुरम, नीडामंगलमचे यमुनांबाळपुरम अशी त्यांपैकी पुष्कळांची नावे राजघराण्याशी संबंधित स्त्रियांवरून पडलेली आहेत. आणि किनाऱ्याकडील मणमेलकुडी, मीमिसल अशा गावांपर्यंत ही शृंखला पोहोचली होती.

१७९९ च्या तहान्वये दुसरे सरफोजी राजे यांच्याकडून तंजावरचा मुलकी कारभार कंपनी सरकारने काढून घेतला आणि राजांपाशी किल्ला, ठराविक नेमणूक आणि महसुलातील हिस्सा एवढेच उरले. राज्य गेलेला राजा अशा वेळी काय वाचवू पाहतो, यावरून त्याची पारख करावी. सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास लिहिलेल्या पत्रात कळकळीची विनंती केली ती छत्रांविषयी. आणि त्यांची उत्पन्ने अबाधित राहावीत एवढेच म्हणून न थांबता, तेथे काय काय घडते याची तपशीलवार कैफियतच त्यांनी त्यात मांडली. येणाऱ्या वाटसरूस, तो ब्राह्मण असो, अंत्यज असो वा फिरता जोगी-बैरागी, अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून, जेवावयाचा कोणी राहिला असेल तर त्यास बोलावून जेवू घातले जाते. आजारी पडलेल्यास वैद्य, औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो बरा होईपर्यंत ठेवून घेतात. गरोदर स्त्रीची आस्थेने विचारपूस होते, ती तेथेच बाळंत झाली तर खर्च छत्राने सोसून तीन महिने तिला राहू दिले जाते. लहान मुलांना दूध मिळते. आणि ज्या परदेशस्थ मुलांचे आईबाप वाटेतच वारले, त्यांना पंतोजीच्या हवाली करून, तीन वेळ जेवू घालून, तेल माखून न्हाऊ घालून, त्यांचा कल असेल ती विद्या शिकविली जाते. वाटसरूंच्या या यादीत स्त्री, बालक आणि तान्हे मूल यांना पृथक् स्थान आहे, ही गोष्ट लक्षात घ्यावी. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदात ज्याचा विचार झाला, तो प्रवासी आजच्या आराखड्यातून गळून गेला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, त्या छत्रांचे गोडवे गाताना त्या काळाचे दोष झाकू नयेत: अन्न सर्वांस मिळत असले तरी पंक्ती एक नव्हती, आणि छत्रांना लावून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न अखेर कोणा कुळाच्या घामातूनच येत होते. हे मान्यच केले पाहिजे. ती समाजव्यवस्था परत आणावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु घ्यावयाचे ते तत्त्व इतकेच की, वाटेवरच्या मनुष्याची सरबराई हा रस्त्याच्या खर्चाचाच भाग आहे आणि तिची तरतूद रस्त्याबरोबरच, कायमच्या उत्पन्नासह झाली पाहिजे. दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: आता ठिकठिकाणी हॉटेले झाली आहेत, राष्ट्रीय महामार्गांवर दर चाळीस ते साठ किलोमीटरांवर सुखसोयींची केंद्रे उभारण्याचे धोरणही आहे, मग तक्रार कशाची? तक्रार ही की, हॉटेलाचे दार गिऱ्हाइकास उघडते, वाटसरूस नव्हे. आणि ते धोरण मुख्यतः मोठ्या महामार्गांचे आहे, किनाऱ्याच्या रस्त्यावरून दुचाकीने देवदर्शनास निघालेल्या कोळ्याच्या किंवा शेतमजुराच्या कुटुंबापर्यंत ते पोहोचत नाही. आपल्या कायद्याने मुलाचा विचार केला आहे, पण तो वाहनाच्या आत: २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा वा बालआसन न बांधल्यास दंड सांगितला, पुढे दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांसाठी शिरस्त्राण, बांधणीचा पट्टा आणि ताशी चाळीस किलोमीटरांची मर्यादा घातली. हे योग्यच झाले. पण वाहनातून पाय बाहेर ठेवताच त्याच मुलाचे पालकत्व सरकार सोडून देते, हे विसंगत आहे.

या विषयाचे मला आज अगत्य वाटते, याचे कारण घरचेच आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा, सुमारे पाचशे किलोमीटरांचा सागरी महामार्ग पुरा करण्याची खटपट आपल्या राज्यात चालू असून खाड्यांवर मोठमोठे पूल योजिलेले आहेत. आजवर आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडीसह फेरीबोटीत चढून खाडी ओलांडावी लागे. मोठ्यांना तो खोळंबा वाटे, आणि मुलांना तो प्रवासाचा कळस. पूल झाले की खोळंबा संपेल आणि आजारी माणसास जलद दवाखान्यात नेता येईल, म्हणून पुलांना विरोध करणे अविचाराचे ठरेल. परंतु त्या जेट्टींच्या काठावर आज चहाची टपरी, शहाळेवाला, झाडाखालचा बाक अशा ज्या आपोआप वाढलेल्या सोयी आहेत, त्या रस्ता पुलावर चढताच निराधार होतील आणि त्यांच्या जागी काय येणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मिळेल तो उत्तम डांबरी पट्टा. दोन्ही बाजूंस कुंपणे घातलेले खाजगी बंगले. आणि मधून धावणारी, कोठेच न थांबता येणारी वाहने.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत करावी. दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर, शक्य तेथे जुन्या जेट्टीच्या किंवा गावच्या देवळाच्या आश्रयाने, एक सार्वजनिक विसावा असावा: पिण्याचे पाणी, मुलांच्या उंचीचा विचार केलेले स्वच्छ शौचालय, तान्ह्या मुलाला पाजण्यास आडोशाची खोली, खरी सावली देणारी वड-उंडी-करंजाची झाडे, प्रथमोपचाराची पेटी आणि ती उघडता येईल असा तैनातीचा मनुष्य. जेथे मुले पाण्यात उतरणारच, अशा पुळणींवर जीवरक्षकाची बारमाही नेमणूक असावी, केवळ सुटीच्या दिवसांची नव्हे. या ठिकाणांचा चालू खर्च पथकरातून किंवा किनाऱ्यावरील बांधकामांच्या शुल्कातून, त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून भागवावा आणि त्यांची देखभाल गावच्या महिला बचतगटांकडे सोपवावी. कुलूप आणि किल्ली एकाच ठिकाणी राहण्याचा तोच भरवशाचा उपाय आहे. आणि या गोष्टी उभ्या राहिल्यावाचून ठेकेदारास काम पुरे झाल्याचा दाखला देऊ नये, असा शिरस्ता घालावा.

याला विलंब परवडणार नाही, कारण आज खाडीकाठी गायरानाचा, बंदर खात्याचा किंवा ग्रामपंचायतीचा एखादा तुकडा अजून मोकळा सापडतो. रस्ता वाहता झाला की त्या तुकड्यांवर पहिली नजर बंगलेवाल्यांची पडेल आणि मग विसाव्यासाठी चार गुंठे संपादन करण्यास सरकारला खटले लढवावे लागतील. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्हा परिषदांनी या वर्षीच आपापल्या हद्दीतील अशा जागांची यादी करून ती सातबाऱ्यावर सार्वजनिक विसावा म्हणून नोंदवून घेतली, तर पुलांची कामे पुरी होईपर्यंत तेथे लावलेली झाडेही मुलांच्या डोक्यावर सावली धरण्याइतकी वाढलेली असतील.